वैनगंगेच्या दोन्ही तीरांवरील रुग्णनोंदी : सामायिक संकलनाची निकड

प्रास्ताविक

गेल्या काही वर्षांपासून आपल्या व्यावसायिक सभा-संमेलनांतून 'डिजिटल आरोग्य' हा शब्दप्रयोग वारंवार कानी पडू लागला आहे. चौदा अंकी आभा क्रमांक, व्याधींचे संकेतांक, ऑनलाइन नोंदणी, रुग्णालयांची संगणकीय प्रणाली अशा अनेक गोष्टी एकदम समोर आल्यामुळे ग्रामीण भागात चिकित्सा करणारा वैद्य गोंधळून जातो. संगणक विकत घेतला की आपणही या प्रवाहात सामील झालो, असे काहींना वाटते; तर हे सर्व मोठ्या शहरांतील रुग्णालयांसाठी आहे, आपला त्याच्याशी संबंध नाही, असा इतर काहींचा समज आहे. आमच्या मते हे दोन्ही समज सारखेच अपुरे आहेत.

आरोग्यविषयक माहितीचे संकलन म्हणजे नेमके काय, एका वैद्याची नोंदवही आणि संपूर्ण प्रदेशाची आरोग्य-माहिती यांचा संबंध कसा जुळतो, आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशातील वैद्य व औषधालय-चालक यांनी एकत्र येऊन कोणती पावले उचलावीत, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. यंत्राचा विचार शेवटी येतो. त्याआधी नोंदीचा विचार व्हायला हवा.

एक प्रदेश, दोन जिल्हे

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. शासकीय नोंदी त्या दिवसापासून वेगळ्या झाल्या. रुग्णांच्या वाटा मात्र बदलल्या नाहीत. ब्रह्मपुरीच्या कोणत्याही चिकित्सालयात सकाळी बसलेल्या रुग्णांना गाव विचारावे, म्हणजे हे लक्षात येते. देसाईगंज अर्थात वडसा, आरमोरी, कुरखेडा, कोरची येथील रुग्ण वैनगंगा ओलांडून ब्रह्मपुरीस येतात. त्यांपैकीच काही पुढे नागपूरला जातात, काही गडचिरोलीस, आणि काही पुन्हा गावच्या जाणत्याकडे वळतात. एकाच रुग्णाचे चार कागद चार ठिकाणी असतात आणि चारही ठिकाणी त्याचा आजार जणू नव्यानेच सुरू झालेला असतो.

झाडीपट्टीचा हा प्रदेश देश, काल व सात्म्य या दृष्टीनेही एकसंध आहे. धानाची बांधी, तलाव, दाट जंगल, भाताचा आहार, वैशाखातील असह्य उष्मा आणि पावसाळ्यानंतरचे ज्वर नदीच्या दोन्ही तीरांवर सारखेच आहेत. रोवणीच्या दिवसांत आणि तेंदूपानांच्या हंगामात रुग्णसंख्या एकाएकी घटते, हाही दोन्हीकडील वैद्यांचा अनुभव आहे. चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात जनपदोद्ध्वंसाचा विचार करताना वायू, उदक, देश व काल हे चार भाव सर्वांना समान असतात, म्हणून भिन्न प्रकृतीच्या लोकांनाही एकाच वेळी एकच व्याधी होऊ शकतो, असे प्रतिपादन केले आहे. व्यक्तीपलीकडे जाऊन संपूर्ण जनपदाच्या आरोग्याकडे पाहण्याची दृष्टी आपल्या शास्त्रात प्रारंभापासून आहे. मात्र जनपदाचा विचार करावयाचा तर नोंदीही जनपदाच्या हव्यात. आज त्या तशा नाहीत.

आमच्या नोंदवहीतील एक चूक

या विषयाकडे आम्ही कसे वळलो, हे सांगणे येथे अप्रस्तुत ठरू नये.

सुमारे बारा वर्षांपूर्वी नदीपलीकडील एका गावातून तिशीच्या आतबाहेरची एक स्त्री आमच्याकडे आली. सांध्यांमध्ये वेदना, अंगात जडपणा, अधूनमधून ज्वर, अरुची आणि पांडुता ही लक्षणे होती. आम्ही आमवात असे निदान केले. लंघन, वालुकास्वेद आणि सिंहनाद गुग्गुळ असा उपक्रम योजला. दुसऱ्या भेटीत वेदना थोडी कमी असल्याचे तिने सांगितले. त्यानंतर ती आली नाही. उन्हाळा तोंडावर आला होता, तेंदूपानांचे दिवस होते. बरे वाटले असेल म्हणून आली नसेल, असे आम्ही गृहीत धरले. त्या वर्षी एका चर्चासत्रात आम्ही आमवाताची रुग्णमालिका सादर केली. त्या मालिकेत ही स्त्री 'उपशय' या रकान्यात मोजलेली होती.

पुढे वर्षभराने तिचा दीर पोटदुखीसाठी आला, तेव्हा वस्तुस्थिती समजली. आमच्याकडील दुसऱ्या भेटीनंतर आठ-दहा दिवसांतच तिला तीव्र वेदनांचा झटका आला होता आणि अन्यत्र दाखल करावे लागले होते. ती सिकलसेलची रुग्ण होती. इतकेच नव्हे, तर गावातील तपासणीत ते पूर्वीच आढळले होते आणि तसे कार्ड तिच्या घरी पेटीत पडून होते. आम्ही विचारले नाही, म्हणून तिने सांगितले नाही.

सिकलसेलमध्ये शरीरातील जलीय अंश कमी होणे हे वेदनेचा झटका येण्याचे एक ज्ञात कारण आहे. अशा रुग्णास उन्हाळ्याच्या तोंडाशी लंघन, रूक्ष स्वेद व विरेचक कल्प देणे कितपत योग्य होते, हे वाचकांस वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. ती वाचली, हे तिचे व आमचे सुदैव. परंतु चिकित्सेतील चुकीहून नोंदीतील चूक आम्हांस अधिक काळ बोचत राहिली. कारण चिकित्सेतील चूक एका रुग्णापुरती होती, नोंदीतील चूक मात्र चर्चासत्रात बसलेल्या प्रत्येक वैद्यापर्यंत ज्ञान म्हणून पोहोचली होती.

गडचिरोलीने घालून दिलेला धडा

आरोग्यविषयक नोंदी कशा ठेवाव्यात, याचे जगाने मान्य केलेले उदाहरण आपल्याच प्रदेशात आहे. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने १९८६ पासून गडचिरोली जिल्ह्यात कार्य आरंभिले. या दांपत्याच्या वैद्यकपद्धतीशी आपली पद्धती भिन्न आहे. तथापि त्यांच्या कार्यातील पद्धतशीर मोजणी हा भाग कोणत्याही चिकित्साशास्त्रास उपयोगी पडणारा आहे.

जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांचा ग्रामीण स्त्रियांच्या आजारांविषयीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करण्यात आली आणि त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग असल्याचे दिसून आले. या अभ्यासाचे मर्म त्याच्या पद्धतीत आहे. रुग्णालयात आलेल्या स्त्रियाच तपासल्या असत्या, तर ही संख्या कधीच समोर आली नसती. लक्षणे असोत वा नसोत, गावातील स्त्रियांना तपासणीसाठी आवाहन केले गेले, म्हणून न येणाऱ्या स्त्रियांचे दुःख मोजता आले.

पुढे नवजात अर्भकांच्या घरच्या घरी काळजीचा प्रयोग झाला. १९९३ पासून ३९ गावांचे एक क्षेत्र आणि तुलनेसाठी ४७ गावांचे दुसरे क्षेत्र निवडून दोन्हींमधील जन्म व मृत्यूंची नोंद ठेवली गेली. पहिल्या क्षेत्रात गावातीलच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण देऊन १९९५ पासून उपचार सुरू झाले. १९९९ च्या डिसेंबरमध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले : तिसऱ्या वर्षी, तुलनेच्या क्षेत्राच्या मानाने, नवजात अर्भकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. २०११ मध्ये हीच पद्धती आशा कार्यकर्तींच्या माध्यमातून देशभर स्वीकारली गेली. येथेही लक्षात घ्यावयाची गोष्ट अशी की, जेथे उपचार दिले नाहीत त्या ४७ गावांतही नोंद तितक्याच काटेकोरपणे ठेवली गेली. ती नसती, तर घट उपचारामुळे झाली की काळाच्या ओघात झाली, हे कोणासही सांगता आले नसते.

प्रादेशिक सहकार्याच्या दृष्टीने मात्र सर्वांत बोलके उदाहरण 'कोवळी पानगळ' या २००१ मधील अहवालाचे आहे. महाराष्ट्राच्या निरनिराळ्या भागांत काम करणाऱ्या १३ स्वयंसेवी संस्था एकत्र आल्या. ग्रामीण, आदिवासी आणि शहरी झोपडपट्टी अशा भिन्न क्षेत्रांत त्यांनी एकाच पद्धतीने बालमृत्यूंची नोंद केली आणि शासकीय आकड्यांपेक्षा प्रत्यक्ष बालमृत्यू कितीतरी अधिक असल्याचे दाखवून दिले. एकेकट्या संस्थेचा आकडा 'स्थानिक अपवाद' म्हणून बाजूला सारता आला असता. तेरा ठिकाणांहून आलेला, समान व्याख्यांवर आधारलेला आकडा बाजूला सारता आला नाही. बालमृत्यू हा विषय विधिमंडळापासून वृत्तपत्रांपर्यंत गाजला, तो या एकवाक्यतेमुळे.

या तिन्ही उदाहरणांत मोठी यंत्रसामग्री नव्हती. व्याख्या निश्चित होती, नोंद नियमित होती आणि मोजणीतून कोणी वगळलेला नव्हता.

अंश आणि छेद

शाळेत शिकलेल्या अपूर्णांकाचे येथे स्मरण करावे. वर असतो तो अंश, खाली असतो तो छेद. आपणा वैद्यांच्या सांगण्यात बहुधा अंशच असतो. 'अमुक कल्पाने इतके रुग्ण बरे झाले' हा अंश झाला. एकूण किती जणांस तो कल्प दिला, त्यांपैकी किती परत आले आणि जे आले नाहीत त्यांचे काय झाले, हा छेद होय. छेदाविना अंशास अर्थ नाही.

समजा, एखाद्या व्याधीचे ५० रुग्ण आपल्याकडे आले. त्यांपैकी २० परत आले व १६ जणांनी गुण असल्याचे सांगितले. परत आलेल्यांच्या हिशेबाने यश ८० टक्के. सर्व आलेल्यांच्या हिशेबाने निश्चित माहीत असलेले यश ३२ टक्के. उरलेल्या ३० जणांत काही खरोखर बरे झाले असतील, काही रोवणीत अडकले असतील, काहींकडे बसभाडे नसेल आणि काही दुसऱ्या चिकित्सकाकडे गेले असतील. सत्य या दोन आकड्यांच्या दरम्यान कोठेतरी, किंवा ३२ च्याच जवळ असू शकते. परत न आलेला रुग्ण बरा झाला, असे मानण्याची सवय आपल्या व्यवसायात रूढ आहे आणि वर सांगितलेल्या प्रसंगात आम्ही स्वतः तिला बळी पडलो.

दुसरी मर्यादा संख्येची आहे. एका वैद्याकडे एखाद्या विशिष्ट व्याधीचे वर्षाकाठी दहा-पंधरा रुग्ण येतात. त्यांवरून कोणताही निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरते. दोन जिल्ह्यांतील वीस वैद्यांनी त्याच व्याधीची एकाच पद्धतीने नोंद ठेवली, तर दोनशे-तीनशे रुग्णांची माहिती वर्षभरात उपलब्ध होते. तसेच एका चिकित्सालयात आठवड्यास आलेले तीन विषमज्वरसदृश रुग्ण लक्ष वेधून घेत नाहीत. शेजारच्या दहा चिकित्सालयांतही तेवढेच आले असल्याचे त्याच आठवड्यात समजले, तर हिवतापाची रक्ततपासणी तातडीने करण्याचा इशारा मिळतो. प्रादेशिक सहकार्याचे व्यावहारिक मूल्य ते हेच.

व्याधीचे नाव आणि संकेतांक

एकत्र मोजावयाचे, तर एकाच गोष्टीस सर्वांनी एकच नाव द्यावयास हवे. येथे आपली विशेष अडचण आहे. एक वैद्य ज्यास आमवात म्हणतो, त्यास दुसरा संधिगत वात म्हणतो आणि तिसरा वातरक्ताकडे निर्देश करतो.

या अडचणीवर शासन स्तरावर काम झाले आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये आयुष मंत्रालयाचे 'नमस्ते' हे संकेतस्थळ सुरू झाले. आयुर्वेद, सिद्ध व युनानी या पद्धतींतील व्याधींच्या प्रमाणित संज्ञा व त्यांचे संकेतांक त्यावर उपलब्ध आहेत. १० जानेवारी २०२४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय व्याधी-वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत या तीन पद्धतींच्या व्याधींचा समावेश असलेला विभाग नवी दिल्ली येथे प्रसृत करण्यात आला. यामुळे ब्रह्मपुरीच्या वैद्याने नोंदविलेला आमवात आणि केरळातील वैद्याने नोंदविलेला आमवात एकाच रकान्यात मोजणे प्रथमच शक्य झाले आहे.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो. प्रत्येक व्याधीस नाव असलेच पाहिजे असा आग्रह आपल्या शास्त्रात नाही. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या अठराव्या, त्रिशोथीय अध्यायात, व्याधीचे नाव सांगता आले नाही म्हणून वैद्याने लाजू नये असे म्हटले असून, दोषप्रकृती, अधिष्ठान व समुत्थान जाणून चिकित्सा करावी, असा उपदेश केला आहे. मग संकेतांकाच्या चौकटीत रुग्ण बसविणे म्हणजे शास्त्राशी तडजोड नव्हे काय?

आमचे उत्तर असे की, या उपदेशातच मार्ग सांगितला आहे. संकेतांक ही मोजणीची सोय आहे. निदान त्याहून व्यापक आहे. म्हणून नोंदीत संकेतांकासोबत दोष, दूष्य व अधिष्ठान यांचे रकाने असावेत आणि व्याधिनाम निश्चित नसेल तेथे 'अनिश्चित' असे स्पष्ट लिहावे. प्रामाणिकपणे लिहिलेले 'अनिश्चित' हे घाईने दिलेल्या नावापेक्षा अधिक मोलाचे असते. त्या स्त्रीच्या कागदावर आम्ही 'आमवात' ऐवजी 'अनिश्चित, पांडुतेसह' असे लिहिले असते, तर कदाचित पुढील प्रश्न आपोआप सुचला असता.

आधुनिक तपासणीचे निष्कर्षही त्याच पत्रकावर असावेत. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेस प्रारंभ झाला. ४० वर्षे वयापर्यंतच्या सात कोटी व्यक्तींची तपासणी हे तिचे उद्दिष्ट ठरविण्यात आले. पूर्व विदर्भात हा विकार केवळ आदिवासींत नव्हे, अन्य समाजांतही आढळतो. म्हणून पांडुता, संधिशूल वा वारंवार ज्वर घेऊन येणाऱ्या प्रत्येक रुग्णास 'सिकलसेलची तपासणी झाली आहे काय, कार्ड आहे काय' हा प्रश्न विचारणे आणि उत्तर लिहून ठेवणे, ही आमच्या प्रदेशात किमान आवश्यकता समजावी.

औषधालय-चालकांची भूमिका

या साखळीत औषधालय-चालक हा दुवा सर्वाधिक दुर्लक्षित आहे. वैद्य कल्पाचे नाव लिहितो. प्रत्यक्षात कोणत्या उत्पादकाचा, कोणत्या बॅचचा कल्प रुग्णाच्या हाती पडला, हे औषधालय-चालकासच ठाऊक असते. एकाच नावाच्या दोन उत्पादकांच्या कल्पांत गुणभेद असतो, हे आपण सर्वजण व्यवहारात जाणतो. तथापि बॅच क्रमांकाची नोंद नसल्याने तो भेद सिद्ध करता येत नाही. रसकल्पांच्या बाबतीत तर ही नोंद रुग्णाच्या सुरक्षिततेशी थेट निगडित आहे.

आयुर्वेद, सिद्ध व युनानी औषधांसाठी राष्ट्रीय औषध-दक्षता कार्यक्रम सप्टेंबर २००८ मध्ये सुरू झाला. त्याचे मध्यवर्ती केंद्र प्रथम जामनगर येथे होते. पुढे ही जबाबदारी नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेकडे आली. मे २०२५ मध्ये 'आयुष सुरक्षा' हे संकेतस्थळ सुरू झाले असून औषधांचे संशयित दुष्परिणाम व दिशाभूल करणाऱ्या जाहिराती यांविषयी त्यावर कळविता येते. दुष्परिणाम कळविण्यासाठी औषधच कारणीभूत असल्याची खात्री असण्याची आवश्यकता नाही. रास्त संशय पुरेसा असतो. दुष्परिणाम कळविल्याने आयुर्वेदाची बदनामी होते, ही भीती आमच्या मते उलट्या दिशेची आहे. नोंद न ठेवणाऱ्या शास्त्राविषयी इतरांनी केलेला कोणताही आरोप खोडून काढता येत नाही, कारण उत्तरादाखल दाखवावयास काहीच नसते.

देयकावर बॅच क्रमांक लिहिणे, चिकित्सकाच्या पत्राविना रसकल्प न देणे आणि रुग्णाने केलेली तक्रार संबंधित वैद्यास त्याच दिवशी कळविणे, एवढे तीन नियम औषधालय-चालकांनी पाळले तरी या कार्याचा अर्धा भार हलका होईल.

संमती व गोपनीयता

रुग्णाची माहिती ही रुग्णाची आहे. ती आपल्या वहीत लिहिली म्हणून आपली होत नाही. २०२३ मध्ये संसदेने डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम संमत केला असून माहितीच्या वापरास व्यक्तीची संमती हे त्याचे मूलतत्त्व आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर लागू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्येही आभा क्रमांक घेणे ऐच्छिक असून रुग्णाच्या संमतीनेच त्याची कागदपत्रे एका चिकित्सकाकडून दुसऱ्याकडे जातात.

आपल्या भागात कायद्याहून मोठे कारण सामाजिक आहे. शंभर-दीडशे उंबऱ्यांच्या गावात नाव न लिहिताही केवळ गाव, वय व जात लिहिल्याने रुग्ण ओळखू येतो. सिकलसेलचा वाहक असल्याचे उघड झाल्याने मुलीचे लग्न अडल्याच्या कथा या प्रदेशास नव्या नाहीत. म्हणून सामायिक पत्रकात नाव, गाव व जात यांपैकी काहीही नसावे. केवळ तालुका व वयोगट असावा. रुग्ण कोण हे सांगणारी मूळ वही संबंधित वैद्याच्या कपाटातच राहावी. संमती रुग्णाच्या भाषेत, मराठीत वा गोंडीत, समजावून घ्यावी आणि नकार दिल्यास उपचारात तसूभरही फरक पडणार नाही, हे स्पष्ट सांगावे. संकलित माहितीवर आधारित संशोधन प्रसिद्ध करावयाचे असेल, तर नीतिसमितीची पूर्वपरवानगी आवश्यक आहे, हेही ध्यानात असावे.

सामायिक रुग्णपत्रकाचा आराखडा

वरील विवेचनाच्या आधारे आम्ही एक पृष्ठाचे पत्रक सुचवीत आहोत.

१. रुग्णाचा वहीतील अनुक्रमांक, वयोगट, लिंग, तालुका व प्रथम भेटीचा दिनांक.

२. मुख्य लक्षणे व त्यांचा कालावधी, रुग्णाच्याच शब्दांत.

३. व्याधिनाम व 'नमस्ते'वरील संकेतांक, अथवा 'अनिश्चित'.

४. दोष, दूष्य, अधिष्ठान, अग्नी व प्रकृती.

५. सिकलसेल तपासणीची स्थिती, ज्वर असल्यास हिवतापाच्या रक्ततपासणीचा निष्कर्ष, अन्य तपासण्या.

६. सध्या चालू असलेली अन्य औषधे, गावठी औषधांसह.

७. दिलेला कल्प, उत्पादक, बॅच क्रमांक, मात्रा, अनुपान व औषधसेवनकाल.

८. पुढील भेटीचा ठरलेला दिनांक.

९. त्या दिनांकाची स्थिती : उपशय, अनुपशय, वृद्धी, अथवा 'आला नाही'.

१०. 'आला नाही' असल्यास पंधरा दिवसांत दूरध्वनीने केलेली विचारपूस व तिचा निष्कर्ष.

शेवटचे दोन रकाने या पत्रकाचा प्राण आहेत. पहिले आठ रकाने भरून हे दोन कोरे ठेवणे म्हणजे छेद पुसून टाकणे होय.

कोरची, एटापल्ली, भामरागड या तालुक्यांतील अनेक गावांत आजही दूरध्वनीचे जाळे भरवशाचे नाही. म्हणून प्रारंभ कागदावर करावा. महिन्याच्या अखेरीस तालुक्यातील एका वैद्याने सर्वांची पत्रके एकत्र करून संगणकातील साध्या तक्त्यात भरावीत. प्रथम वर्षी सर्व व्याधींचा हव्यास धरू नये. आमवात, पांडू व ज्वर हे तीनच व्याधी निवडावेत. संकलनाची समिती दोन्ही जिल्ह्यांची मिळून असावी. विश्लेषणासाठी केंद्रीय आयुर्वेदीय विज्ञान अनुसंधान परिषदेच्या नागपूर येथील संस्थेचे आणि आयुर्वेद महाविद्यालयांतील अध्यापकांचे मार्गदर्शन घ्यावे. निष्कर्ष प्रतिकूल आले, तरी ते याच नियतकालिकात प्रसिद्ध करण्याचे प्रारंभीच ठरवून घ्यावे.

उपसंहार

डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालील आदिवासी आरोग्य तज्ज्ञ समितीने २०१८ मध्ये केंद्र शासनास अहवाल सादर केला. देशातील दहा कोटींहून अधिक आदिवासींच्या आरोग्याची स्वतंत्र व पुरेशी माहितीच उपलब्ध नाही, ही त्यातील एक प्रमुख खंत होती. या लोकसंख्येतील अनेकांचा पहिला चिकित्सक आपणच असतो. ती माहिती रोज आपल्यासमोर बसते, नाडी दाखविते, औषध घेते आणि काहीही मागे न ठेवता निघून जाते.

विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात तद्विद्यसंभाषेचे दोन प्रकार वर्णिले आहेत. विगृह्य संभाषेत समोरच्यास जिंकावयाचे असते. संधाय संभाषेत परस्परांचे ज्ञान वाढवावयाचे असते आणि स्वतःचे अज्ञान झाकावयाचे नसते. सामायिक नोंद ही संधाय संभाषा आहे. तिच्यात सहभागी होणाऱ्यास आपले अपयशही इतरांसमोर ठेवावे लागते. ते सोपे नाही, हे आम्ही अनुभवाने सांगतो. आमवाताच्या त्या रुग्णमालिकेतील चूक पुढील चर्चासत्रात सर्वांसमोर मांडताना आमची जीभ अडखळली होती. परंतु त्या दिवशी सभागृहातून बाहेर पडताना तिघा वैद्यांनी स्वतंत्रपणे जवळ येऊन, आपल्याकडेही असाच एक रुग्ण होऊन गेल्याचे सांगितले. तिघांच्याही वहीत त्याची नोंद नव्हती.

आगामी त्रैमासिक सभेस प्रत्येक वैद्याने वरील पत्रकानुसार भरलेल्या एका महिन्याच्या नोंदी आणि प्रत्येक औषधालय-चालकाने बॅच क्रमांकांसह एका महिन्याची रसकल्प-विक्रीची नोंद सोबत आणावी, अशी नम्र विनंती आहे. नोंदी दहा असल्या तरी चालतील. मात्र त्यांत 'आला नाही' असा शेरा असलेले रुग्णही असावेत.